‘नाही’ ऐकू आले पाहिजे : ध्वनिक्षेपण आणि मराठी उच्चार

(अकादमीच्या वार्षिक चर्चासत्रात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखी रूप)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून काल दोघातिघांनी मला विचारले, की साहित्य शिकवणारी बाई कॉम्प्रेसर आणि लिमिटर यांवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी अभियंता नाही. इंदूरमध्ये आम्ही काही मंडळी एक छोटा मराठी इंटरनेट-रेडिओ चालवतो. त्याची यंत्रे माझा एक जुना विद्यार्थी सांभाळतो. तो बटणे फिरवतो आणि मी शेजारी बसून उच्चार ऐकते, अशी आमची कामाची वाटणी आहे. या बसण्यातून जे कानाला कळले, ते मी इथे मांडणार आहे. जिथे आकडे लागतील तिथे आकडेही देईन, कारण आकड्यांवाचून यंत्रावर बटण फिरवता येत नाही.

आज हा विषय घेण्याला कारण आहे. बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी संस्था आता पॉडकास्ट, बोलकी पुस्तके, इंटरनेट-रेडिओ यांकडे वळत आहेत, आणि ते योग्यच आहे. आमच्याकडच्या कितीतरी घरांत नातवंडांना मराठी वाचता येत नाही, पण ऐकून कळते. मात्र अशा उपक्रमांचे जे प्रस्ताव माझ्या पाहण्यात आले त्यांत मायक्रोफोन असतो, संगणक असतो, निवेदकाचे मानधन असते, उद्घाटनाचा खर्च तर असतोच असतो. पण बोललेला शब्द श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचताना वाटेत त्याचे काय होते, याबद्दल एक ओळही नसते. ती वाट म्हणजेच ध्वनिप्रक्रिया. मराठीतला कोणता ध्वनी टिकेल आणि कोणता बुजेल, हे तिथे ठरते. ते कोण ठरवते? बहुतेक वेळा यंत्र बनवणाऱ्या कंपनीने आधीच भरून ठेवलेली जुळणी ठरवते, आणि ती जुळणी बहुधा गाण्यांच्या वाहिनीसाठी केलेली असते.

एक साधे वाक्य घेऊ. ‘पाऊस थांबला तरी उद्याचा कार्यक्रम होणार नाही.’ हे वाक्य एखाद्या पंचाहत्तरीच्या गृहस्थांनी म्हटले अशी कल्पना करा. ‘पाऊस’ ठणठणीत येईल. ‘कार्यक्रम’पर्यंत आवाज उतरू लागेल. ‘होणार’ला श्वास संपत आलेला असेल, आणि ‘नाही’ जवळजवळ ओठांतल्या ओठांत उमटेल. मराठी वाक्याची घडणच अशी आहे. क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागून येतो. आवाजाची पट्टी आणि जोर मात्र वाक्यासरशी खाली येत जातात. इंग्रजीत नकार सहसा क्रियापदाच्या आधी, वाक्याच्या पहिल्या निम्म्यातच येऊन जातो. तिथे वाक्याचे शेपूट बुडाले तरी होकाराचा नकार होत नाही. आपल्याकडे शेपूट बुडाले की अर्थच उलटतो. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीत, मोबाइलच्या लहानशा स्पीकरवर ऐकणारी बाई ‘उद्याचा कार्यक्रम होणार’ एवढेच ऐकते आणि दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या कुलूपबंद दारापाशी येऊन उभी राहते.

म्हणून ‘यंत्राने आवाजाला हातच लावू नये’ असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. हात लावावाच लागतो. पूर्वीही लावत होते, पण तेव्हा तो खरोखरचा माणसाचा हात असे. आकाशवाणीच्या स्टुडिओत काचेपलीकडे बसलेला माणूस एक बोट फेडरवर ठेवून असे आणि त्याची नजर मीटरच्या काट्यावर. वक्ता मंद झाला की तो आवाज हळूच वर घेई, मोठ्याने हसला की खाली आणी. आमच्या इंदूरच्या मालवा हाउसमधून मध्यम लहरींवर जे भाषण ऐकू येई त्यामागे असा कुणाचा तरी हात होता. तो काटा असे व्हीयू मीटरचा. १९३९ साली अमेरिकेत ठरलेले हे मोजमाप जगभर पसरले. त्याचा काटा मुद्दाम आळशी केलेला असतो, त्याला पूर्ण वर चढायला ३०० मिलिसेकंद लागतात. स्वरांची सरासरी पातळी तो छान दाखवतो. पण ‘क’, ‘ट’, ‘प’ यांचा स्फोट दहावीस मिलिसेकंदांत होऊन जातो. त्याची त्या काट्याला दादही नसते. थोडक्यात, ध्वनिक्षेपणाच्या मोजमापात पहिल्यापासून स्वरांना मान आणि व्यंजनांना दुय्यम जागा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे ऐकून गंमत वाटावी.

पुढे माणसाच्या हाताची जागा यंत्राने घेतली. आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी आणि शिखरे छाटणारी यंत्रे अमेरिकेत आधीच आली होती. १९७५ साली रॉबर्ट ऑर्बन यांनी ऑप्टिमोड हे एफएमसाठीचे यंत्र बाजारात आणले आणि सगळी कामे एका पेटीत आली. मग शहराशहरांतल्या वाहिन्यांत चढाओढ लागली. डायल फिरवताना आपली वाहिनी शेजारच्या वाहिनीपेक्षा मोठ्याने ऐकू आली पाहिजे! मोठ्याने म्हणजे काय, हे जरा समजून घ्यायला हवे. एफएमला कायद्याने एक छत घातलेले आहे : वाहक लहरीची वारंवारता मध्यापासून ७५ किलोहर्ट्झपेक्षा जास्त सरकू द्यायची नाही. छत वर नेता येत नाही, तेव्हा फरशी वर उचलायची. मंद आवाज इतका वर आणायचा, की मंद आणि मोठा हा भेदच उरू नये. गाण्याच्या वाहिनीला हे चालून जाते. बोलणाऱ्या माणसाचे मात्र यात नुकसान होते, कारण बोलण्यात चढउतार हाच अर्ध्याहून अधिक अर्थ असतो.

एफएमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. विशेषतः ज्या महाविद्यालयांना सामुदायिक रेडिओ सुरू करायचा आहे त्यांनी ती लक्षात ठेवावी. (आपल्या देशात २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही हा परवाना मिळू लागला, शिक्षणसंस्थांना तो त्याआधीपासून मिळतो.) एफएममध्ये मूळची एक खरखर असते आणि ती वरच्या वारंवारतांत जास्त जाणवते. ती दाबण्यासाठी प्रक्षेपकाकडे वरच्या वारंवारता मुद्दाम फुगवतात आणि श्रोत्याच्या रेडिओत तितक्याच उतरवतात. भारतात आणि युरोपात या फुगवण्याचे माप ५० मायक्रोसेकंद आहे, अमेरिकेत ७५. ५० मायक्रोसेकंदांच्या मापाने सुमारे ३२०० हर्ट्झच्या पुढे फुगवटा जाणवू लागतो आणि १५ हजार हर्ट्झपाशी तो साडेतेरा डेसिबलच्याही वर जातो. आता आपला ‘स’ कुठे राहतो? त्याची बहुतेक शक्ती ४००० हर्ट्झच्या वर असते. म्हणजे ‘सासूबाई’ म्हटले की ‘सा’ छताला डोके आपटणार. मग यंत्र दोनपैकी एक गोष्ट करते : तेवढ्या वेळापुरता सगळाच आवाज खाली ओढते, नाहीतर फक्त वरचा भाग बोथट करते. पहिल्यात ‘सा’मागचे ‘सू’ लंगडते, दुसऱ्यात ‘स’ तोतरा वाटतो. अमेरिकेसाठी केलेली ७५ची जुळणी तशीच ठेवली तर हा त्रास आणखी वाढतो, आणि वर श्रोत्याला आवाज कर्कश लागतो तो वेगळाच. यंत्र आले की आधी हे एक कलम उघडून पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.

इंटरनेटवर यातले काहीच नाही. तिथे ७५ किलोहर्ट्झचे छत नाही, खरखर नाही, म्हणून फुगवटाही नको. तरीही कित्येक ठिकाणी एफएमसाठी तयार केलेला आवाजच तसाच्या तसा इंटरनेटवर सोडलेला आढळतो. त्यात घोटाळा असा, की एफएमच्या प्रक्रियेत शेवटी शिखरे कापतात. कातरीने कापावीत तशी. कापलेल्या जागी नवे, मुळात नसलेले बारीक ध्वनी तयार होतात. एफएमवर ते बरेचसे खपून जातात. इंटरनेटवर मात्र आवाज पाठवण्याआधी दाबून लहान करावा लागतो. एमपी-थ्री, एएसी, ओपस ही त्या दाबण्याच्या रीतींची नावे. दाबणाऱ्या यंत्राजवळ प्रत्येक सेकंदाला मोजकेच बिट असतात. ते बिट या कापाकापीतून आलेल्या कचऱ्यावर खर्च होतात आणि खऱ्या ‘श’-‘स’साठी उरत नाहीत. पाण्याखालून बोलल्यासारखा जो आवाज पुष्कळ इंटरनेट-रेडिओंवर येतो त्याचे एक मोठे कारण हे आहे. म्हणून इंटरनेटसाठी वेगळी वाट काढावी. तिच्यात शेवटी कातरी नको, लिमिटर हवा, आणि तोही थोडा आधी पाहून हळूच आवरणारा. शिखर एक डेसिबल खालीच थांबवावे. बिट फार कमी असतील तर दोन डेसिबल खाली.

आता ज्या भागासाठी मी इथे उभी आहे तिथे येते.

आमच्या रेडिओची पहिली जुळणी झाली तेव्हा आवाज भारदस्त येत होता. सगळे खूश होते. दोन आठवड्यांनी रामबागेतल्या एका आजींचा फोन आला. त्या म्हणाल्या, ‘‘आवाज मोठा येतो गं, पण बोलणं कळत नाही.’’ माझ्या मते या विषयावरचे सगळ्यांत नेमके वाक्य हेच. उतारवयात कान आधी वरच्या वारंवारतांना मुकतो. तिथेच ‘स’ असतो, ‘फ’ची फुंकर असते, ‘ख’ आणि ‘थ’चा श्वास असतो. स्वर ऐकू येतात, व्यंजने गळतात. आवाज वाढवला की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजने होती तिथेच राहतात. आपला श्रोतृवर्ग कोण आहे हे आपण सगळे जाणतो. या सभागृहातच पाहा ना!

मग मी आणि माझा विद्यार्थी कसोटीची वाक्ये घेऊन बसलो. तो आधी गाण्याचा एक तुकडा लावून जुळणी करायचा, कारण तसे त्याला शिकवलेले होते. मी त्याला म्हटले, आपण गाणी चार लावतो आणि बोलतो दिवसभर. तेव्हा बोलण्यावरच जुळवू. वाक्ये आम्हीच बनवली. अल्पप्राण-महाप्राणासाठी जोड्या : कार-खार, गार-घार, डग-ढग, पळ-फळ, बात-भात. निवेदकाने जोडीतला एकच शब्द म्हणायचा, आणि दुसऱ्या खोलीत फोनवर ऐकणाऱ्याने तो कागदावर लिहायचा. ही परीक्षा फार बोलकी आहे. आवाज झटकन दाबून झटकन सोडणारा कॉम्प्रेसर असेल तर ‘खार’ आणि ‘कार’ जवळ येऊ लागतात. ‘ख’ म्हणजे ‘क’चा स्फोट, त्यामागे पन्नास ते शंभर मिलिसेकंदांचा मोकळा श्वास आणि मग स्वर. यंत्राने स्फोटालाच घाबरून आवाज खाली ओढला आणि श्वास संपेपर्यंत सोडला नाही, तर तो श्वास गेला. उलट फार घाईने सोडला तर श्वासाबरोबर खोलीतला पंखाही वर येतो, आणि मग साधा ‘क’सुद्धा ‘ख’सारखा हवेशीर वाटतो.

‘च’ची गंमत आणखी निराळी. आपल्या मराठीत दोन ‘च’ आहेत, लिपीत एकच. ‘चार’मधला तालव्य, ‘चारा’मधला दंततालव्य. ‘चिंच’ या एका शब्दात दोन्ही येतात, पहिला एक आणि शेवटचा दुसरा. दंततालव्य ‘च’मध्ये ‘स’चा अंश असतो, म्हणजे त्याची शक्ती वर सरकलेली असते. ‘स’ बोचू नये म्हणून प्रक्रियेत डी-एसर नावाचे एक साधन असते, ते साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यावर डोळा ठेवून असते. ते ‘स’ला पकडते तसे ‘चाफा’, ‘चांदणे’, ‘चुलता’ यांतल्या ‘च’लाही पकडते, आणि त्याची धार जाऊन तो बोबडा होतो. एरवीच आमच्या माळव्यात हिंदीच्या सहवासाने हे दोन ‘च’ एक होऊ लागले आहेत. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली ‘चारा’ हिंदीसारखा म्हणतात. त्यांच्या आजी नीट म्हणतात. त्या आजीचा आवाज आपण रेडिओवर आणायचा आणि यंत्राने तिचाही ‘च’ पुसायचा, हे मला सोसवत नाही. आम्ही डी-एसर बंद केला. ज्यांचा ‘स’ फार शिट्टी मारतो अशा एका निवेदकासाठी तेवढा चालू करतो, आणि त्यांना मायक्रोफोनपासून जरा तिरके बसवतो. तिरके बसवण्याने निम्मे काम होते. ‘फ’ आणि ‘भ’ची हवा थेट मायक्रोफोनवर आदळून जो धप्प आवाज येतो तोही याने कमी होतो.

आता पुन्हा त्या ‘नाही’कडे. शेवटचा शब्द वर आला पाहिजे आणि त्याच वेळी त्यानंतरचा विराम रिकामाच राहिला पाहिजे, अशी दुहेरी मागणी आहे. आणि ही मागणी यंत्राला अवघड जाते. आवाज मंद झाला की तो वर उचलायचा एवढेच यंत्राला ठाऊक. ‘नाही’ मंद आहे म्हणून ते उचलते, पण वाक्य संपल्यावरची शांतता तर त्याहून मंद! मग तिलाही उचलते, आणि विरामाच्या जागी पंखा, रस्त्यावरची रिक्षा, शेजारच्या घरातले दळण असे सगळे वर येते. पुढचे वाक्य सुरू झाले की पुन्हा दबते. आवाजाला धाप लागल्यासारखे वाटते. कीर्तनकार किंवा कथाकथन करणारा माणूस जिथे मुद्दाम थांबतो, श्रोत्याला आत ओढून घेतो, नेमकी तीच जागा पंख्याने भरून जाते. अभंग किंवा ओवी वाचतानाचा चरणान्तीचा थांबा हा छंदाचा भाग आहे. तो गेला तर यमक कानावर येते पण बसत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो दोन साधनांत वाटून करावा लागतो. पहिले म्हणजे संथ एजीसी, जुन्या काळच्या त्या बोटासारखा. एक वक्ता मोठ्याने बोलतो, दुसरा हळू, एवढाच फरक त्याने कित्येक सेकंदांच्या गतीने सांभाळायचा. त्याला एक उंबरठा द्यायचा : आवाज त्याखाली गेला की हात जागच्या जागी धरून ठेवायचा, वर उचलायचा नाही. हा उंबरठा ‘नाही’च्या खाली आणि पंख्याच्या वर बसला पाहिजे. दुसरे साधन कॉम्प्रेसर. तो वाक्याच्या आतला चढउतार सांभाळतो. आमच्याकडे तो दोनास एक ते तीनास एक या प्रमाणात आहे. पकडायला दहा ते वीस मिलिसेकंद दिले, म्हणजे स्फोट तेवढ्यात सुखरूप निघून जातो. सोडायला दीडशे ते तीनशे. काटा तीन-चार डेसिबल हलावा, फार तर सहा. त्यापुढे गेलो की बोलणाऱ्याचा स्वभाव पुसला जातो असा माझा अनुभव आहे. मग सगळे निवेदक एकाच सासरच्या सुना वाटू लागतात. याखेरीज ८० हर्ट्झच्या खालचे सारे काढून टाकतो, कारण तिथे मराठी नसते, ट्रक असतात. आणि तीन हजार हर्ट्झच्या आसपास दोन डेसिबल वाढवतो, ते रामबागेतल्या आजींसाठी.

आता उंबरठ्याचे खरे सांगायचे तर, खोलीतला पंखा आणि वक्त्याचा ‘नाही’ एकाच पातळीवर असतील तर जगातले कुठलेही यंत्र उंबरठा बसवू शकत नाही. म्हणून पहिला पैसा खोलीवर खर्च करावा. भिंतींवर जाड पडदे, जुन्या गाद्या, दाराला रबराची पट्टी. आम्ही सभासदांकडून गोधड्या मागवल्या, आणि एकेकीची कलाकुसर पाहता स्टुडिओ प्रदर्शनासारखा दिसू लागला. मुद्रण चालू असताना पंखा बंद. इंदूरच्या मे महिन्यात हे सांगणे सोपे नाही, म्हणून तेव्हा मुद्रण सकाळी सातला ठेवतो. वक्त्याला मायक्रोफोनपासून एक वीत अंतरावर बसवतो. वीत हे माप सगळ्यांना कळते.

मोठेपणा किती ठेवायचा यालाही आता जगभर मान्य असे माप आहे. शिखरे न मोजता कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजायची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये ठरवली. २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारकांनी तिच्यावर आधारून उणे २३ हा आकडा धरला. हा टीव्ही-रेडिओचा आकडा झाला. मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठी तो मंद पडतो. इंटरनेटसाठी उणे १६ ते उणे २० यांच्या दरम्यान राहावे अशी शिफारस आहे. आम्ही उणे १८ वर असतो. हे मोजण्याची साधने फुकट मिळतात. कार्यक्रमाकार्यक्रमांत हा आकडा सारखा राहिला, की श्रोत्याला दर वेळी बटणाकडे धावावे लागत नाही. संपूर्ण प्रक्षेपण एकाच वाहिनीत, म्हणजे मोनो ठेवतो. बोलण्याला दोन वाहिन्या कशाला? तेवढे बिट एकाच आवाजाला मिळतात. ६४ किलोबिटला तासाला सुमारे २९ मेगाबाइट लागतात, ३२ ला त्याच्या निम्मे. आणि ओपससारख्या नव्या रीतीत ३२ लाही मराठी बोलणे स्वच्छ येते. गाणी लावायची तर मात्र ६४ हवेत.

शेवटची तपासणी स्टुडिओतल्या उंची स्पीकरवर करू नये. साध्या फोनवर करावी, आणि शक्यतो स्वयंपाकघरात. फोनच्या स्पीकरमधून तीनचारशे हर्ट्झच्या खालचे फारसे येतच नाही. पुरुषाच्या आवाजाचा पाया शंभराच्या आसपास असतो, तो कान अंदाजाने भरून काढतो. भारदस्तपणासाठी खर्ज वाढवणे म्हणजे श्रोत्याला कधीच न पोहोचणाऱ्या गोष्टीवर शक्ती घालवणे.

इथवरचे सगळे बदलता येते. आजची जुळणी चुकली तर उद्या बटण फिरवता येते. जे बदलता येत नाही त्याविषयी आता बोलते.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आमच्या भागातल्या जुन्या मराठी घराण्यांतल्या वृद्धांच्या मुलाखती मुद्रित केल्या. काम मोलाचे होते. संस्थेचे नाव घेत नाही. हेतू चांगलाच होता. पुढे अभ्यासासाठी मी त्या मागितल्या तेव्हा माझ्या हाती एमपी-थ्री आल्या. ऐकायला बसले तर पार्श्वभूमीची खरखर साफ केलेली, आवाज मोठा आणि सपाट केलेला. मूळ मुद्रण कुठे, असे विचारले तर कळले की जागा अडत होती म्हणून पुसून टाकले, ‘साफ केलेले आहेच ना’. त्यात नव्वदीच्या एक बाई आहेत. त्या लग्न होऊन या गावात आल्या तेव्हाचे सांगत आहेत. त्यांचे माहेरचे उच्चार आणि इथले उच्चार एकमेकांत कसे मिसळले हे मला पाहायचे होते. त्यांचा ‘च’ कोणता हे मला शंभर वेळा ऐकूनही ठरवता येत नाही. त्यांचे महाप्राण कुठे आहेत, कुठे नाहीत. खरखर साफ करणारे यंत्र काय करते हे कळले म्हणजे याचे कारण कळते. ते सतत चालू असलेला गोंगाट शोधून वजा करते. आणि आपला महाप्राण, आपला ‘ह’, ‘स’, ‘फ’ हे ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने गोंगाटच आहेत. वाफेसारखे, सूर नसलेले. थकल्या माणसाचा मंद ‘ह’ आणि पंख्याची घरघर यांत यंत्राला फार फरक दिसत नाही. त्या बाई आता नाहीत. त्यांचे मुद्रण आहे, त्यातली माहिती आहे, पण त्यांचे मराठी त्यात पुरते नाही.

म्हणून माझी अकादमीकडे एक मागणी आहे, आणि ती या व्यासपीठावरूनच करते. अनुदानातून होणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाची एक प्रत काहीही प्रक्रिया न करता जपून ठेवावी अशी अट मंजुरीपत्रात घालावी. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने यासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे माप सांगितले आहे. एका वाहिनीला या मापाने तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट लागतात; एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये १९०० तासांहून जास्त मावतात. जागा अडते हे कारण आता चालणार नाही. दोन डिस्का, दोन वेगळ्या इमारतींत. प्रक्रिया करायची ती प्रक्षेपणाच्या वाटेवर, मूळ फाइलला हात न लावता. व्हिडिओ-कॉलवरून मुलाखत घेत असाल तर त्या अ‍ॅपमधली गोंगाट दाबण्याची सोय आधी बंद करा, कारण ती डीफॉल्टने चालू असते. दूरध्वनीवरून घेत असाल तर मुद्रण बोलणाऱ्याच्या बाजूला करा. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवरून ३०० ते ३४०० हर्ट्झएवढेच येते आणि ‘स’ त्याच्या बाहेर राहतो. म्हणून तर आपण फोनवर नाव सांगताना ‘स, सरळमधला स’ असे म्हणतो. गेलेला ‘स’ इक्वलायझरने परत येत नाही.

पॅनल सांभाळणाऱ्या मुलांबद्दलही एक सांगते. ही मुले हुशार असतात, पण पुष्कळांची घरची भाषा मराठी नसते, किंवा असली तरी ती पातळ झालेली असते. ‘काल’ आणि ‘काळ’ यांतला भेद ज्याच्या कानाला नाही, त्याला तो भेद बुजल्याचे कसे कळणार? तो त्याचा दोष नव्हे. त्याच्या शेजारी आपल्यापैकी कुणीतरी बसले पाहिजे. महिन्यातून एक दुपार पुरते. मराठीच्या शिक्षकांनी हे काम आपले मानावे, कारण ध्वनिविचार आपण वर्गात शिकवतोच; फक्त तो फळ्यावर राहतो.

कसोटीच्या वाक्यांचा एक कागद मी छापून आणला आहे, बाहेर टेबलावर ठेवला आहे. ती वाक्ये इंदूरच्या बोलण्यावरून केलेली आहेत. बेळगावच्या, बडोद्याच्या, ग्वाल्हेरच्या, हैदराबादच्या, गोव्याच्या मराठीत जे ध्वनी वेगळे वाजतात त्यांना त्यांत जागा नाही. तुमच्या गावची दोनदोन वाक्ये लिहून जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे द्यावीत. आणि जमल्यास ती फोनवर म्हणूनही ठेवावीत. म्हणताना पंखा बंद करा.